न हलणारा आकडा

पुंजारामचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. बोईसरच्या एका कारखान्यात तो इलेक्ट्रिशियन होता, तेव्हा वाफेच्या दाबाचा काटा अडकला होता. काटा ठीक दाखवतोय म्हणून सगळे निर्धास्त राहिले आणि त्याच्या जोडीदाराचा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून स्थिर काटा दिसला की पुंजारामच्या मनात पाल चुकचुकायची.

निवृत्तीनंतर त्याला समुद्राकाठच्या नवापूरच्या बर्फ कारखान्यामागे, त्याला वीज पुरवायला चाचणीसाठी उभारलेल्या पवनचक्कीवर देखरेखीचं काम मिळालं. श्रावणात प्रणव नावाच्या इंजिनिअरने तिच्यात नवी नियंत्रण यंत्रणा बसवली. दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर विजेचा एकच आकडा, पन्नास किलोवॉट. वारा पिसाटलेला, माड कमरेतून वाकतायत, पण पूर्वी सतत नाचणारा आकडा आता जागचा हलेना.

पुंजारामला वाटलं, प्रणवने चक्की बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला आकडा ठोकून बसवलाय. स्वतःचं मीटर आणून त्याने केबलवर लावलं. तिथेही पन्नासच. मग तासभर मान वर करून पाती न्याहाळली. झोत आला की पाती किंचित कलायची, जोर ओसरला की परत जागेवर यायची. म्हणजे जादा वारा सोडून देऊन वीज एकसारखी ठेवली जात होती; आकडा खरा होता.

दुसरा कुणी इथेच थांबला असता. पुंजारामची नजर शेजारच्या आकड्यावर गेली, वाऱ्याचा वेग. अकरा वाजता सेकंदाला चौदा मीटर, बाराला चौदा, एकलाही चौदा.

"काका, बरफ तर जमते हाय," कारखान्यातला मंगळ्या म्हणाला, "कशाला उकरून काढता?"

पुंजारामने प्रणवला फोन लावला. प्रणवने समजावलं, की वारामापक अडकला असेल, पण त्याने विजेला धक्का लागत नाही. एखादी नोंद चुकली तरी डगमगू नये, अशीच यंत्रणा घडवलीय.

"ती सांभाळून घेते, म्हणून तर आपल्याला कळलं नाही," पुंजाराम म्हणाला. "वादळ आलं तर चक्की थांबवायची, हे तिला कोण सांगतं?"

प्रणव हळूच म्हणाला, "तोच वारामापक. काका, चक्की आत्ता बंद करा."

दोन दिवसांनी वारा पडल्यावर प्रणव वर चढला. वारामापकाच्या फिरत्या वाट्या खाऱ्या किटणाने घट्ट बसल्या होत्या आणि यंत्रणा शेवटची नोंद, चौदा, तशीच दाखवत राहिली होती. त्याने मापक बदलला आणि वाऱ्याचा आकडा दहा मिनिटं हलला नाही तर भोंगा वाजेल, अशी सोय केली.

पुंजारामने त्याला वाट्या फडक्याने बांधायला लावल्या आणि तो खाली घड्याळ धरून उभा राहिला. दहाव्या मिनिटाला भोंगा वाजला. प्रणव फडकं सोडून उतरू लागला, तेव्हा पुंजारामने खालून हात वर केला आणि पुन्हा एकदा बांधायची खूण केली.