एकही बार न काढलेलं रिव्हॉल्व्हर

डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत एक रिव्हॉल्व्हर होतं असं सांगितलं की लोक माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागतात. मग मला घाईघाईने सांगावं लागतं, की अहो, माझे बाबा ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. झुरळ दिसलं तरी ते आईला हाक मारायचे.

रिव्हॉल्व्हर आजोबांचं. आजोबा कोकणात जंगलखात्यात रेंजर होते, आणि त्यांच्याकडे हे इंग्रजी बनावटीचं, सहा गोळ्यांचं, मधोमध मोडून उघडणारं जुनं हत्यार होतं. ते गेल्यावर थोरला मुलगा म्हणून परवान्यासकट ते बाबांच्या नावावर झालं. परवान्यावर कारण लिहिलेलं होतं 'आत्मसंरक्षण'. आता आमची आत्मसंरक्षणाची व्यवस्था ऐका. रिव्हॉल्व्हर कपाटात, आईच्या शालूखाली. कपाटाची किल्ली देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या मागे. काडतुसं स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, साबुदाण्याच्या डब्यामागच्या बिस्किटांच्या डब्यात. चोर आलाच असता तर त्याला 'बसा, चहा टाकते' असं म्हणून थांबवून ठेवावं लागलं असतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा जमिनीवर जुना पेपर पसरायचे, मांडी घालून बसायचे आणि रिव्हॉल्व्हर पुसायचे. मलमलचं पांढरं फडकं, मशीनचं तेल, आणि एक बारीक सळई. सळईला फडकं गुंडाळून नळीतून आरपार ओढायचं, मग उजेडाकडे धरून बघायचं. फडकं पांढरंच बाहेर यायचं. तरी पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मी एकदा विचारलं, "बाबा, घाण नाहीच आहे तर पुसता कशाला?" तर म्हणाले, "घाण नाही, कारण मी पुसतो." कारकुनापुढे कोण बोलणार!

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. राहायला ठाण्यात, खोपटला एसटी डेपोच्या मागे. कारखान्यात नोकरी, आणि रविवारी रायफल क्लब. हा माणूस उठता-बसता नेमाबद्दल बोलायचा. दसऱ्याला तो सहकुटुंब आमच्याकडे यायचा, आणि आई रिव्हॉल्व्हरची पूजा करत असताना त्याचं सुरू व्हायचं.

"दादा, अरे गाडी घेऊन रोज पुसायची आणि ऑफिसला चालत जायचं, असं चाललंय तुझं. वडिलांनी हे वापरलंय रे. एकदा तरी बार काढ!"

"जुनी वस्तू आहे. जपायची असते," बाबा म्हणायचे.

"मग फोटो काढून लाव भिंतीवर, आणि हे मला दे."

"अहो भावजी, आधी प्रसाद घ्या," आई मध्ये पडायची, आणि रिव्हॉल्व्हरवर हळद, कुंकू आणि चांगल्या मूठभर अक्षता टाकायची. आईचा हात पूजेत पहिल्यापासूनच सढळ.

मी मनातून काकाच्या बाजूची. कॉलेजात एनसीसीला होते, तिथे रायफल हातात आली आणि मला वेडच लागलं. काकाने मला क्लबात नेलं. पुरुषांच्या त्या घोळक्यात मी एकटी वेणी घातलेली, पण माझ्या गोळ्या कागदावर बऱ्या ठिकाणी लागायच्या, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "कान जप." मला मात्र आजोबांचं रिव्हॉल्व्हर एकदा चालवायचं होतं. दर दसऱ्याला मी बाबांना विचारायचे. बाबा म्हणायचे, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. माथेरानला जायचं का, बघू. रंगीत टीव्ही घ्यायचा का, बघू. हे कळायला मला दहा वर्षं लागली, आणि रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत कळूनही वळलं नाही.

निवडणुका आल्या की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. बाबा ते आईच्या जुन्या रेशमी साडीच्या तुकड्यात गुंडाळून न्यायचे आणि हवालदाराला सांगायचे, "जरा सांभाळून हं, ओरखडा पडेल." परत आणेपर्यंत घरात सुतक असल्यासारखं वागायचे. नव्वदनंतर निवडणुका इतक्या झाल्या, की आई म्हणाली, "सरकार पडलं की आधी यांचं तोंड पडतं."

मग एका वर्षी परवाना नव्याने करायला बाबा ठाण्याला गेले. खिडकीवर नवे साहेब होते. त्यांनी विचारलं, "शेवटचं कधी चालवलंत?"

दुसरा कुणी काहीतरी ठोकून मोकळा झाला असता. बाबा म्हणाले, "मी चालवलेलं नाही."

"बरं, चालू तरी आहे ना?"

"असावं."

साहेबांनी कागद परत केला. बंदुकीच्या कारागिराकडून चालू असल्याचं पत्र आणा, म्हणाले. बंद पडलेलं असेल तर जमा करून टाका, उगाच घरात लोखंड कशाला ठेवता?

बाबा घरी आले आणि जेवलेच नाहीत. मी त्यांना चिडवायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "वडिलांची एवढी एकच वस्तू आहे गं माझ्याकडे." मला फार वाईट वाटलं. आणि भीतीही वाटली, कारण ते चालतं की नाही हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

कल्याणला एक म्हातारा मिस्त्री बंदुका दुरुस्त करायचा. बाबा, मी आणि भाजीच्या पिशवीत रिव्हॉल्व्हर, असे आम्ही तिघं त्याच्याकडे गेलो. त्याने ते मोडून उघडलं, चष्मा वर केला, आणि चिमट्याने आतून एकेक काढायला लागला. तांदळाचे दाणे. घोड्याच्या खाचेत तेल पिऊन दगड झालेलं कुंकू. आणखी तांदूळ. शेवटी झेंडूची एक सुकलेली पाकळी. बाबा नळी पुसत राहिले आणि बाकी सगळीकडे आईचे दसरे साठत गेले!

"साहेब, हे रिव्हॉल्व्हर आहे की देव्हारा?" मिस्त्रीने विचारलं.

बाबा लाजून लाल झाले. मिस्त्रीने सगळं साफ केलं, घोडा दोन-चारदा मागेपुढे करून पाहिला, पण पत्र काही देईना. "आधी बार काढून दाखवा. मग लिहितो. न बघता लिहायची सवय नाही मला."

म्हणजे रिव्हॉल्व्हर ठेवायचं असेल, तर चालवायला हवं. काकाला हे कळल्यावर तो फोनवर इतका हसला, की शेजारच्या काकूंच्या घरी फोन घ्यायला गेलेली मी ओशाळले.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही ठाण्याला, काकाच्या क्लबच्या रेंजवर. मिस्त्रीही आला होता. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला आणि दोन्ही कानांत आईने दिलेले कापसाचे मोठे बोळे. काकाने आजोबांच्या वेळची सहा काडतुसं भरली आणि आपणच चालवणार असं धरून पुढे झाला.

"तिला दे," बाबा म्हणाले.

"अरे दादा, मी वीस वर्षं..."

"म्हणूनच. तुझ्या हातात गेलं की ते परत येणार नाही. ती देईल."

मी उभी राहिले. रिव्हॉल्व्हर वाटलं होतं त्याहून जड होतं. नेम धरला, चाप ओढला. टक्. काही नाही. "नळी समोरच ठेव, हलवू नकोस," काका म्हणाला. जुन्या काडतुसाचा भरवसा नसतो, उशिराही उडतं. आम्ही थांबलो. पुन्हा ओढला. टक्. मागे कुणी हसलं नाही, काकासुद्धा नाही. मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसलं, की बाबांनी कानांतले बोळे काढून खिशात टाकले. त्यांच्या दृष्टीने संपलं होतं.

तिसऱ्यांदा ओढला, आणि असा आवाज झाला की झाडावरचे कावळे उडाले. गोळी कागदाला शिवलीसुद्धा नाही, कुठेतरी मातीत गेली. मी वळून बघितलं. बाबा दोन्ही कानांवर हात ठेवून उभे होते आणि लहान मुलासारखे हसत होते.

"अजून तीन आहेत!" काका ओरडला.

"पुरे," बाबा म्हणाले.

पत्र मिळालं, परवाना झाला. रेंजवरून आलो त्याच संध्याकाळी बाबांनी पेपर पसरला, सळईला फडकं गुंडाळलं आणि नळीतून ओढलं. फडकं काळंकुट्ट बाहेर आलं. ते त्याच्याकडे बघतच राहिले.

"अगं, इकडे ये, हे बघ!"

"बघायचंय काय त्यात? धुवायला टाका," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"इतकी वर्षं मी स्वच्छच पुसत होतो," बाबा मला म्हणाले.

त्यानंतर चार वर्षांनी बाबा गेले. आईने आणि मी सह्या दिल्या आणि रिव्हॉल्व्हर काकाच्या नावावर झालं. काका नवी काडतुसं आणून दर रविवारी त्याचे बार काढू लागला. योग्यच होतं ते. बाबांचं जुनं परवान्याचं पुस्तक त्याच्याकडे द्यायला म्हणून मी कपाट आवरलं, तर शालूखाली एक प्लॅस्टिकची पिशवी निघाली. आत ते काळं फडकं, नीट चौकोनी घडी घातलेलं. त्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली, कोर्टातल्या मुद्देमालाला लावतात तशी, बाबांच्या वळणदार अक्षरात: 'वडिलांचे रिव्हॉल्व्हर. बार एक. चालवणारी: मुलगी.'

काकाला दाखवलं तर त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाला, "हे पण रिव्हॉल्व्हरबरोबरच राहू दे की. देतेस मला?"

मी फडक्याची पुन्हा घडी घातली आणि म्हटलं, "बघू."