कुलूपबंद कॉम्प्युटर

माझ्या तिसरीच्या वर्गाशेजारच्या चौथीच्या बाई रागावल्या की आवाज उलट खाली आणत. त्यांची मुलं कारखाने येण्याआधी आमच्या सातपुरात काय होतं, ते घरोघरी विचारून आली. ते शाळेच्या कॉम्प्युटरवर टाइप करायचं होतं, पण मुख्याध्यापकांनी खोलीला कुलूप लावलं.

"मुलं बिघडवतील."

"मग आणलाय कुणासाठी?" बाईंनी हळूच विचारलं आणि सगळा वर्ग मुख्याध्यापकांच्या दारात बसवला. माझंही डोकं फिरलं होतं. मी माझी तिसरीही आणून बसवली.

मधल्या सुट्टीनंतर किल्ली मिळाली. एका मुलीने अक्षरं शोधत टाइप केलं, 'शाळेच्या जागी आजोबांचं वांग्याचं शेत होतं. आजोबा अजून शाळेकडे बघत नाहीत.'

"हे पुसा, तपासणीला साहेब येणार आहेत," मुख्याध्यापक म्हणाले.

बाईंनी प्रिंटचं बटण दाबलं.