अभ्रकातला डाग

"एकदा पाहिलंत ना? मग लिहा." प्रोफेसर सबनीसांचं हे वाक्य ऐकून मी चकित झालो होतो. भौतिकशास्त्राचा कोणताही शिक्षक मोजमाप तीनदा घ्यायला लावतो. सबनीस मात्र विद्यार्थ्याला कोणताही प्रयोग पुन्हा करायला सांगत नसत. चुकीचं उत्तर आलं तरी ते तसंच लिहून घेत आणि खाली आपलं मत मांडत. मी बडोद्याच्या कॉलेजात त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो, तेव्हा मला वाटलं, म्हातारा आळशी असावा.

ते आळशी नव्हते. उंच, किंचित वाकलेले, पगडी नेहमी जरा मागे सरकलेली. कॉलेज सुटल्यावरही ते क्ष-किरणांच्या खोलीत थांबत. महाराजांच्या कृपेने विलायतेहून आलेलं जुनं यंत्र तिथे होतं. ते सुरू करायला मनाई होती, आणि ती मनाई सबनीसांनीच घातली होती. ते फक्त त्याच्यासमोर उभे राहत. एकदा मी दार लोटलं तेव्हा ते हलक्या आवाजात म्हणत होते, "गजानन, बस झालं आता." खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी तसाच मागे फिरलो.

गजानन म्हैसकर हे त्यांचे सहकारी. मी लागण्याच्या बऱ्याच आधी ते वारले होते. दोघांनी मिळून त्या यंत्रावर जे काम केलं, त्यामुळे बडोद्याचं नाव बाहेर झालं, एवढंच मला ठाऊक होतं.

एका हिवाळ्यात प्रिन्सिपॉलसाहेबांनी सबनीसांना बोलावलं. काही टिपणं घेऊन मीही गेलो होतो. भौतिकशास्त्रातल्या संशोधनासाठी साऱ्या हिंदुस्थानातून एकाला पारितोषिक मिळायचं होतं, आणि आमच्या कॉलेजाला एक नाव सुचवायचा मान होता.

"तुमचंच नाव पाठवतो," साहेब म्हणाले. "महाराजांनाही बरं वाटेल."

"म्हैसकरांचं पाठवा."

"सबनीस, हयात माणसाचंच नाव चालतं."

सबनीस म्हणाले, "तर मद्रासच्या शेषाद्रीचं पाठवा. शिफारस मी लिहितो."

"तो आपल्या संस्थानातला नाही."

"आमच्या प्रयोगातलं अभ्रक तरी कुठे आपल्या संस्थानातलं होतं?"

साहेब हसले, सबनीस हसले नाहीत.

बाहेर आल्यावर मी विचारलं, हा शेषाद्री कोण? त्यांनी मला क्ष-किरणांच्या खोलीत नेलं आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ते आणि म्हैसकर अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यातून किरण सोडून पलीकडे फोटोची काच ठेवत. काचेवर मधोमध एक ठळक डाग उमटे. म्हैसकर म्हणत, त्याच्या शेजारी आणखी एक फिकट डाग आहे. सबनीसांना तो काचेतला दोष वाटे. स्वतः प्रयोग केला तेव्हा त्यांना तो कधीच मिळाला नाही.

"मी म्हणायचो, पुन्हा घे. तो पुन्हा घ्यायचा. त्या काळी किरणांची भीती कोणाला होती? मी अभ्रक चिमट्यात धरून लांब ठेवायचो. तो बोटांत धरायचा, किरणांच्या नळीच्या अगदी जवळ. आधी बोटं लाल झाली, मग काळी पडली. मी तरीही म्हणालो, एकदा शेवटचं घे." ते खिडकीकडे वळले. "आधी हात गेला. मग तो गेला."

शेषाद्रीने नुकतंच सिद्ध केलं होतं की अभ्रक तापलं तरच तो दुसरा डाग उमटतो. म्हैसकरांचं अभ्रक नळीजवळ तापत होतं, सबनीसांचं थंडच राहत होतं. ज्या जवळिकीने म्हैसकरांना डाग दिसला, तिनेच त्यांचा जीव घेतला.

सबनीसांनी शिफारस लिहिली. शेषाद्रीच्या कामाची मनापासून वाखाणणी केली आणि शेवटी लिहिलं, "हा डाग प्रथम बडोद्यात गजानन म्हैसकर यांनी पाहिला व मी तो नाकारला." साहेब म्हणाले, "शेवटचे शब्द गाळा. कोणी विचारलंय तुम्हाला?" सबनीसांनी ते गाळले नाहीत. पारितोषिक शेषाद्रीला मिळालं.

बातमी आली त्याच दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही प्रतापनगरकडे निघालो. म्हैसकरांच्या पत्नी तिथे भावाकडे राहत. इतक्या वर्षांत सबनीसांनी त्या घराची पायरी चढली नव्हती. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. सबनीस बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "वहिनी, गजाननचं बरोबर होतं. आता सिद्ध झालंय."

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "घरी येऊन रोज सांगायचे, आजही दिसला म्हणून. तुम्हाला पटायला मद्रासचा माणूस लागला होय?"

बाईंनी चहा दिला. तो त्यांनी उभ्यानेच घेतला आणि कपबशी माझ्या हातात दिली. निघताना बाई बडोद्याच्या रिवाजाने "आवजो", म्हणजे पुन्हा या, असं म्हणाल्या. सबनीस त्या गल्लीत पुन्हा कधी गेले नाहीत. क्ष-किरणांच्या खोलीतलं त्यांचं गजाननशी बोलणंही थांबलं नाही. मला वाटलं होतं, थांबेल.

वर्ष उलटायच्या आत ते वारले. सकाळी पुतण्या उठवायला गेला, तर झोपेतच गेले होते. तेराव्याला त्यांच्या घरी बरीच मंडळी जमली होती. म्हैसकरबाई आल्या आणि बायकांत न बसता थेट माझ्यापाशी आल्या.

"शेवटी फार दुखलं का त्यांना?"

"नाही," मी म्हणालो. "झोपेतच गेले."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "ह्यांना फार दुखलं होतं." एवढं बोलून त्या आत जाऊन बायकांमध्ये बसल्या.