रुईटेकडी दिली नाही

मुकुटबनच्या अलीकडे रुईटेकडी आहे. तिच्या एका अंगाला बंजाऱ्यांचा तांडा, दुसऱ्या अंगाला कोलामांचा पोड आणि मधे सरकारी जंगल. मानीबाई राठोड लग्न होऊन तांड्यात आली तेव्हापासून दोन्ही वस्त्यांचं चराईवरून वाकडं. तांड्याची गुरं कोवळी रोपं खायची, पोडातली माणसं ती गुरं कोंडून ठेवायची. पुढे तर बोलणंच तुटलं.

मग टेकडीवर चुनखडीची खाण होणार, अशी बातमी आली. मानीबाईचा मुलगा राजकुमार टिप्पर चालवायचा. घराजवळ काम मिळेल म्हणून तो खुशीत होता. मानीबाईने मात्र पाहुण्यांच्या गावची खाण पाहिली होती. तिथल्या विहिरींना तळ लागला होता आणि वेचणीला आलेला कापूस धुरळ्याने मळला होता. मोहफूल, तेंदूपत्ता, गुरांचा चारा, सगळं तिला रुईटेकडी देत आली होती.

ग्रामसभेने नाही म्हटलं तर खाण अडते, असं तिला वनहक्काच्या बैठकीत कळलं. पण ग्रामसभा दोन्ही वस्त्यांची मिळून एकच. म्हणून ती पोडावर गेली. तिथल्या बायका जिचं ऐकायच्या ती जमनी आत्राम अंगणात टोपलं विणत होती. तिने बस म्हटलं नाही. मानीबाई आपणच बसली.

"पह्यले तुमची गुरं आवरा," जमनी म्हणाली. "मंग टेकडीचं बोला."

मानीबाईने वाद घातला नाही. घरी येऊन तिने नवऱ्याला, लखीरामला, समजावलं आणि आपली गुरं टेकडीवर सोडणं बंद केलं. चारा बांधावरून डोक्यावर आणावा लागे. तांडा हसला, जावांनी टोमणे मारले. पण पावसाळा सरता सरता आणखी बरीच घरं तिच्यासारखं करू लागली. उतारावर सागाची रोपं गुडघ्याला लागली, तेव्हा जमनी स्वतःहून तांड्यात आली.

ग्रामसभेला शाळेचं पटांगण भरलं. खाणवाल्यांच्या माणसाने नोकऱ्या सांगितल्या, दवाखाना सांगितला. मग मानीबाई उठली.

"टेकडी कोण्या एकाची नोहे," ती म्हणाली, "म्हून थे सगळ्यायची हाये. आमी देत नाही."

पोडातले हात एकदम वर गेले. तांड्यातले थांबत थांबत, एकमेकांकडे पाहत. शेवटी मागच्या रांगेतून राजकुमारने हात उचलला.

"टिप्पर कुठंबी चालते, याडी," तो आईला म्हणाला.

ठराव जिल्ह्याला गेला. पुढल्या उन्हाळ्यात खाणीचा प्रस्ताव रद्द झाल्याचं कळलं, तशी पोडातली माणसं ढोल घेऊन तांड्यात शिरली. जमनीने मानीबाईला हाताला धरून ढेमशाच्या फेरात ओढलं. गुडघे दुखतात, असं मानीबाई सांगत राहिली आणि नाचत राहिली.