नळीत थांबलेला पट्टा

प्रयोगशाळेत तिला सगळे घार म्हणत. नजरच तशी होती. केसाएवढ्या बारीक काचेच्या नळीत रक्ताचा थेंबभर नमुना सोडायचा, दोन टोकांना वीज द्यायची, की त्यातले घटक आपापल्या चालीने पुढे सरकू लागत. त्यांना रंग लावलेला असे. लेसर पडला की ते पट्ट्यापट्ट्यांनी चमकत आणि कॅमेरा अख्ख्या नळीचं चित्र पडद्यावर दाखवी. घार नव्यांना बजावायची, "चालतो तो पट्टा खरा. एका जागी बसून राहतो, तो आदल्या नमुन्याचा डाग. त्याच्या नादी लागायचं नाही."

नणंदेच्या रक्तात, निरोगी रक्तात नसतो असा एक फिकट पट्टा दिसला, तोही एका जागी बसलेला. नवऱ्याची ही थोरली बहीण, जरा पोट दुखलं की आता आपलं काही खरं नाही म्हणणारी. घारीने तो डाग म्हणून सोडून दिला आणि तिथूनच फोन लावला. "ताई, काही झालेलं नाही तुम्हाला. उगाच राईचा पर्वत करता." नणंद हसली. घरातही मग बरेच दिवस तिची थट्टा चालली होती.

दोन महिन्यांनी यंत्र तपासायला मेकॅनिक आला. विजेच्या तारेचा जोड हलवून म्हणाला, "हा सैल झालाय. मधूनमधून वीज तुटत असणार. तुमच्या लक्षात नाही आलं?"

यायला हवं होतं. प्रत्येक नमुन्यात एक खुणेचा रंग घातलेला असतो. तो शेवटपर्यंत पोचला का, हे आधी बघायचं, हा नियमही तिचाच. तिने जुनी चित्रणं काढली. बाकी सगळी ठीक होती. नणंदेच्या नमुन्यात मात्र खुणेचा रंगसुद्धा अर्ध्या वाटेत थांबला होता. वीजच नव्हती, तर चालणार कोण? आणि तिने तिकडे पाहिलंच नव्हतं. ताईंचं रक्त म्हणजे काही नसणारच, हे ठरवूनच ती खुर्चीत बसली होती. तिला स्वतःची किळस आली.

सहज पुन्हा एकदा बघू, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. नणंदेकडे जाताना वाटेत तिने ते वाक्य घोकलंही. पण दार उघडताच तिच्या तोंडून निघालं, "ताई, माझं चुकलं. मी नीट बघितलंच नाही."

नणंदेने इस्त्रीचं बटण बंद केलं. "मग आता?"

"आत्ताच चला माझ्याबरोबर."

या वेळी तिने एका सहकाऱ्यालाही शेजारी बसवलं. जोड नवा होता, वीज पक्की होती. तोच पट्टा दिसला, मागच्यापेक्षा ठळक. थांब रे बाबा, थांब, असं ती मनातल्या मनात विनवत राहिली. खुणेच्या रंगामागोमाग तो सावकाश सरकत गेला. सहकाऱ्याने नोंदवही पुढे ओढली.

नणंद बाहेर बाकावर बसली होती. "आहे ना?" तिनेच विचारलं.

घारीने मान डोलावली. "माफ करा म्हणायलाही तोंड नाही मला."

"पोट तेव्हापासून दुखतंच आहे गं," नणंद म्हणाली. "दोनदा डॉक्टरच्या दारातून परत आले. म्हटलं, तू बघितलंयस, म्हणजे काही नसणार. परत सगळे हसतील."