गच्चीवरची बादली

मास्तरांनी आयुष्यात एकही मासा धरला नव्हता, पण माशाला फसवायचं कसं हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांचं शिवणकामाचं दुकान घराच्याच खालच्या खोलीत होतं आणि बायको, साऱ्यांच्या 'बाई', वाचनालयात कामाला. कुणी नेत नाही म्हणून वाचनालय जी पुस्तकं काढून टाकी, ती बायको पिशवीत भरून घरी आणी. अशाच एका ढिगातून गळानं मासे धरण्याच्या पुस्तकांचा गठ्ठा निघाला. हा साधा किडा टोचून बसायचा गळ नव्हे. आकड्यावर दोरा आणि पिसं गुंडाळून खोटी माशी करायची, लांब दोरीनं ती हवेत मागं-पुढं खेळवायची आणि पाण्यावर अशी उतरवायची की माशाला वाटावं, खरीच माशी बसली. दोरा म्हटल्यावर मास्तरांनी कान टवकारले.

"वाच की पुढं," मशीन थांबवून ते म्हणाले.

तेव्हापासून ती रीतच पडली. संध्याकाळी बाई कापड कापायच्या टेबलापाशी स्टुलावर बसून वाचायच्या आणि मास्तर काजं करायचे. एक पुस्तक संपलं की दुसरं. थंड नद्या, दगडाआड दबा धरून बसलेले मासे, कमरेइतक्या पाण्यात तासन्‌तास उभे राहणारे अबोल पुरुष.

"तुमचेच भाऊबंद," बाई म्हणायच्या. "घरी पाहुणे आले की हे पाण्यात जाऊन उभे."

"पाहुणे तुझ्या माहेरचे असतील तर मीही जाईन," मास्तर सुई दातात धरून म्हणत.

सुट्टीच्या दिवशी गच्चीवर तालीम असे. पडद्याची काठी, तिला लोकरीचा धागा, टोकाला बटण, आणि पलीकडच्या टोकाला पाण्यानं भरलेली बादली. बादलीशेजारी बाई मास्तरांकडे तोंड करून उभ्या राहत. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातानं करून दाखवणं. "मनगट नाही हो, कोपर! मागं गेलेला धागा सरळ होऊ द्या. घाई कसली?" बटण बादलीत पडलं की त्या वाकून मासा व्हायच्या. धागा चिमटीत धरायच्या, माशाला चव घेऊ द्यायच्या आणि मग म्हणायच्या, "आता!" त्याबरोबर मास्तरांनी काठी उचलायची. आधी उचलली तर मासा गेला, उशीर केला तरी गेला.

शेजारीण वाळत घातलेल्या चादरींआडून विचारी, "काय मास्तर, आज काय लागलं? शर्टाचं बटण?"

"कोटाचं," बाई उत्तर देत. "पण निसटलं. मोठं होतं फार."

खरी नदी काही परदेशात नव्हती. सकाळच्या गाडीनं निघालं तर दुपारपर्यंत पोचण्यासारखी होती. बाई दर वर्षी विषय काढायच्या. मास्तर म्हणत, शाळेचे गणवेश हातावेगळे होऊ देत. गणवेश झाले की कुणाच्या तरी लग्नाचे सूट. "नदी कुठं पळून जातेय?" असं म्हणून ते मशीनला पाय लावत. बाई पुस्तकाचं पान उलटत.

नदी कुठंच गेली नाही. बाई गेल्या. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात चालत गेलेलं माणूस परत आलंच नाही. टेबलावर पुस्तक खूण घातलेलं तसंच राहिलं. मास्तर त्याच्या भोवतीनं कापड पसरत, ते हलवत मात्र नसत.

हिवाळा संपता संपता त्यांनी बाईंच्या राखी शालीचा एक धागा उसवला, उशीतलं पीस घेतलं आणि एक माशी बांधली. लेकीला म्हणाले, "मला एकदा नदीवर ने. आईला तुझ्या ही माशी एकदा नीट टाकून दाखवायचीय." लेकीनं तोंड फिरवून डोळे पुसले आणि ऑफिसातल्या कुणाची तरी खरी काठी मागून आणली.

नदी पुस्तकातल्यापेक्षा लहान होती, आणि आवाज मात्र मोठा. मास्तर घोट्याइतक्या पाण्यात उतरले. काठी मागं गेली, पुढं आली.

"बाबा, डाव्या हातानं का?"

"तुझ्या आईनं असंच शिकवलंय."

"आई उजव्यानं दाखवायची. मी जिन्यातून बघायचे ना. ती समोर उभी असायची, म्हणून तुम्हाला ते डावीकडे..."

मास्तर हाताकडे बघत राहिले. गिऱ्हाईक समोर उभं करून मापं घेण्यात जन्म गेला होता. समोरच्याचा उजवा हात आपल्या डावीकडे, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. कुणाचाही खिसा कधी भलत्या बाजूला लागला नव्हता.

"लक्ष कुठं होतं तुमचं?" लेकीनं हसत विचारलं, आणि विचारताक्षणीच तिचं हसू विरलं.

मास्तरांनी काठी उजव्या हातात घेऊन पाहिली. दोरी पाठीमागच्या झुडपात जाऊन अडकली. "याला कात्रीपलीकडे काही येत नाही," असं पुटपुटत त्यांनी ती सोडवली आणि काठी पुन्हा डाव्या हातात घेतली.

या वेळी दोरी मागं सरळ झाली, पुढं आली, आणि राखी माशी पाण्यावर उतरली. पाण्यालाही कळलं नाही. प्रवाहाबरोबर ती थोडी वाहिली. मग दगडाआडून काहीतरी वर आलं, एक वर्तुळ उमटलं आणि माशी दिसेनाशी झाली.

"बाबा, लागला! उचला!"

मास्तर हलले नाहीत. मान जराशी पुढं काढून, गच्चीवर बादली असायची तेवढ्या अंतरावर नजर लावून ते उभे होते. दोरी थरथरली, ताणली गेली आणि सैल पडली.

"का नाही उचललीत? किती वेळ धरली होती त्यानं!"

"ती 'आता' म्हणाली नाही," मास्तर म्हणाले.

लेक बुटांसकट पाण्यात उतरली. तिनं त्यांच्या हातातून काठी घेतली आणि दोरी गुंडाळत गुंडाळत माशी जवळ आणली. मास्तरांनी ती दोरीवरून सोडवून रुमालानं टिपली, बोटांनी शालीचा धागा सरळ केला आणि ती त्याच रुमालात ठेवून घडी घातली.