मांडव उठेल की बसेल

चोंढी नाक्यावर मिनिडोरच्या, म्हणजे आमच्याकडच्या सहा आसनी रिक्षांच्या, रांगेत तुळशीरामभाऊंची गाडी कुठली, हे ओळखायला नंबर लागत नाही. बाकीच्या चालकांना विचारा, "अलिबागला कधी सुटणार?" ते म्हणतील, "भरली की." तुळशीरामभाऊ उलट तुम्हालाच विचारतील, "नवीन पिच्चर बघितलास काय?" बघितला असेल तर पुढे त्यांच्या बाजूला जागा. नसेल तर मागे, कोणाच्या तरी मासळीच्या पिशवीशेजारी.

मी कॉलेजला याच मिनिडोरने जायचो. पदवीने मला काय दिलं ते अजून शोधतोय, पण सिनेमाच्या पार्श्वसंगीताबद्दल मला जे काही कळतं ते सगळं चोंढी नाक्यापासून अलिबाग स्टँडपर्यंतच्या शिक्षणातलं आहे. आणि शिक्षक असा की मागच्या सीटवरून कोणी शंका काढली तर आरशातून बघूनच त्याला गप्प करायचा.

दर शुक्रवारी भाऊ अलिबागच्या थिएटरात पहिला खेळ बघतात. बाहेर आले की गाडीत बसून मोबाईलवर निकाल बोलतात. तो जातो 'शुक्रवारचा निकाल' नावाच्या ग्रुपवर. ग्रुप काढला त्यांच्या मुलीने, अमिषाने, आणि चालवतेही तीच. तिथून तो आवाज रेवसला जातो, पेणला जातो, उरणला जातो. मस्कतमध्ये क्रेन चालवणारा आमचा एक गाववाला म्हणतो, तिकडे शुक्रवारी दोन गोष्टींची वाट बघतात, सुट्टीची आणि तुळशीरामशेठची.

भाऊ सिनेमाची गोष्ट कधीच सांगत नाहीत. "गोष्ट ट्रेलरमंदी सांगून टाकलेली असते. मी काय सांगू?" ते ऐकतात. आणि ऐकून असं काही बोलतात की पेपरातल्या चार रकान्यांनी हात जोडावेत. एका रडक्या कौटुंबिक सिनेमाबद्दल ते बोलले होते, "आई रडायच्या आधी व्हायलीन रडला. म्हंजी दिग्दर्शकाला आईवर भरवसा नाय." एका मारधाडीच्या सिनेमाबद्दल, "हिरो दार उघडतो तरी ढोल वाजतान. अरे दार हाय ते, किल्ला नाय."

गाण्यांना मात्र वेगळी परीक्षा. पहिला पेपर मिनिडोरमध्ये. गाडीचं डिझेल इंजिन चालू असताना गाण्याचे शब्द मागच्या सीटपर्यंत पोचले पाहिजेत. आमच्या मिनिडोरचं इंजिन ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल, अर्धे संगीतकार इथेच गळतात. दुसरा पेपर मांडवाचा. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नात माणूस अक्षता टाकतो आणि पंगतीकडे बघतो, हळदीला नाचतो. बेंजो पार्टी येते, कीबोर्ड येतो, ढोल येतो, आणि त्या मोसमातली सिनेमाची गाणी बेंजोवर चढतात. म्हणून भाऊंच्या निकालाचा शेवट ठरलेला, "मांडव उठेल" किंवा "मांडव बसेल". हा शेवट ऐकूनच बेंजोवाले ठरवतात कुठलं गाणं बसवायचं. किहीमचा धनेश, ज्याची पार्टी आमच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त वाजते, तो उघड सांगतो, "काकांनी नापास केलेलं गाणं मी चुकून पण वाजवत नाय. एकदा वाजवलं होतं. वरमाय जेवायला निघून गेली."

दिवाळीत एक सिनेमा आला. नाव घेत नाही, त्यांचं आधीच बरंच नुकसान झालंय. त्यात एक गाणं होतं. नायिका बर्फात उभी आणि कोणीतरी कानाशी कुजबुजल्यासारखं गातंय. मुंबईतल्या नवऱ्या मुली मांडवात शिरताना तेच लावू लागल्या होत्या. भाऊंचा निकाल आला, "गाणारा गातोय का श्वास मोजतोय तेच कलत नाय. माज्या गाडीत लावलं तर पुढच्या शीटवर पन पोचलं नाय. हळदीला लावाल तर म्हातारी मानसं झोपतील आनि जवान पोरं मोबाईल काढतील. मांडव बसेल. खाली बसेल." शेवटचे दोन शब्द त्यांनी इतके चवीने उच्चारले की ते लोकांच्या फोनची रिंगटोन झाले.

आणि फेब्रुवारीत अमिषाची हळद होती.

अमिषा किहीमला पर्यटकांच्या कॉटेजचं बुकिंग बघते. दिवसभर मुंबईच्या लोकांना "सर, समुद्र चालत पाच मिनिटांवर" असं सांगून तिचा आवाज गोड झालेला आहे, पण घरी ती बापाचीच लेक. लग्न जमलं होतं थळच्या निकेतशी. हळदीच्या तयारीचं बोलायला धनेश घरी आला, तेव्हा मीही तिथेच होतो, कारण अमिषाच्या आईच्या, केसरकाकींच्या, हातचे तांदळाचे पोळे होते. धनेशने वही न काढता तोंडानेच गाणी सांगायला सुरुवात केली. अमिषाने त्याला मध्येच थांबवलं.

"धनेशदादा, मी मांडवात येईन तेव्हा ते बर्फातलं गाणं वाजवायचं."

धनेशने पोळा तसाच हातात धरून भाऊंकडे पाहिलं. केसरकाकी चुलीपाशी उगाच काहीतरी हलवू लागल्या.

भाऊ हसले. "मस्करी करते."

"मस्करी नाय पप्पा."

"अगो, ते नापास हाय."

"माहीत आहे. तुमचा आवाज मीच पाठवला होता ग्रुपवर."

"मंग?"

"मग काय? मला आवडतं ते."

"आवडतं म्हंजी? त्यात काय हाय आवडन्यासारखं? दम्याचा पेशंट गातोय."

अमिषा मग जे बोलली ते मी तिच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं. "पप्पा, या घरात लहानपणापासून पास झालेलीच गाणी वाजली. शाळेत असताना मला एक गाणं आवडायचं, ते तुम्ही नापास केलंत. मी गोधडीत तोंड घालून ऐकायचे. निकेतला हे गाणं आवडतं की नाही ते पण मी विचारलं नाही. मला आवडतं. माझी हळद आहे. एक गाणं माझं."

 माझा अंदाज होता, आता भाऊ खेकसतील. ते म्हणाले, "वाजव रे धनेश. पन आधीच सांगतो, मी माजा शब्द मागं घेनार नाय. उंद्या रस्त्यावर कोन इचारेल तर मी नापासच सांगेन."

"सांगा ना," अमिषा म्हणाली. "मी कुठे पास करा म्हटलं?"

"मांडव बसेल."

"बसू दे."

"तुज्याच हळदीत मांडव बसला तर रडशील."

"तुम्ही नका रडू म्हणजे झालं."

बातमी चोंढी नाक्यावर पोचायला धनेशची बाईक पुरेशी होती. दुसऱ्या दिवसापासून मिनिडोरच्या रांगेत भाऊंची जी खेचली गेली ती बघायला मी मुद्दाम लवकर जायचो. "तुळशीराम, पोरीच्या हळदीला उश्या वाटनार काय?" "शेठ, खुर्च्या जास्त मागव. सगली बसनार हायेत." भाऊ मान ताठ ठेवून म्हणायचे, "हो, बसनारच. मी बोललोय ना." ते गाण्याची बाजू घेत नव्हते, पोरीची बाजू घेत नव्हते, फक्त स्वतःच्या निकालाची बाजू घेत होते. आणि निकालावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. हेच वाईट होतं. निकाल खरा ठरणार म्हणजे अमिषाची एंट्री फुकट जाणार, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

हळदीच्या संध्याकाळी अंगणात निळे-पिवळे दिवे, मागे वड्यांची कढई, एका बाजूला मटणाचं पातेलं. धवलारणीने धवळे, म्हणजे लग्नातली जुनी गाणी, गाऊन संपवले, बायकांची हळद लावून झाली, आणि धनेशच्या पार्टीने दोन पास गाणी वाजवून मांडव असा काही उठवला की शेजारच्या वाडीतली माणसं कुंपणाशी आली. मग दिवे मंद झाले. चार चुलतभावांनी फुलांची चादर वर धरली आणि तिच्याखालून पिवळ्या साडीत, हळदीने माखलेली अमिषा आली.

धनेशने कीबोर्डवर ते गाणं सुरू केलं.

मी आजवर खूप सिनेमे पडताना बघितलेत. माणसं इतक्या शिस्तीत गप्प होताना बघितली नव्हती. गाणं खरंच तितकं वाईट नव्हतं, हे मी आता भाऊंच्या पाठीमागे लिहून ठेवतो. पण ऐकत कोण होतं? सगळा मांडव भाऊंकडे बघत होता. पोरं हाताची घडी घालून उभी, काहींनी मोबाईल वर धरलेले, बायका एकमेकींना कोपरं मारत हसत होत्या. नाक्यावरचे मिनिडोरवाले तर खुर्च्या ओढून, पाय पसरून बसले. निकाल लागला होता, आता त्यांना फक्त तो खरा झालेला बघायचा होता. मांडव बसला. खाली बसला.

अमिषा चादरीखाली अर्ध्या वाटेवर पोचली होती. हसू तसंच होतं, पण ते आता फोटोसाठी धरून ठेवलेलं हसू होतं. पुढचं पाऊल टाकावं की नाही हे तिला कळेना.

भाऊ वड्यांची परात घेऊन मांडवाच्या खांबाशी उभे होते. जिंकलेला माणूस असा दिसतो हे मला कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. धनेशने तिकडून त्यांच्याकडे पाहिलं. एक हात कीबोर्डवर, दुसरा ढोलवाल्याला इशारा करायला वर. साधा उपाय होता. एखादं चालतं कोळीगीत लावायचं, मांडव दोन मिनिटांत डोक्यावर. भाऊंचा शब्द राहील, हळदही वाचेल. कोणी काही बोललं नसतं.

"ए धनेश!" भाऊ ओरडले. "हात लावशील तर बघ. तेच वाजव. तिचंच वाजव!"

परात त्यांनी माझ्या हातात कोंबली आणि ते मधोमध गेले.

तुळशीरामभाऊ नाचत नाहीत. दुसऱ्यांचं नाचणं बघून गाण्याला गुण देणारा माणूस स्वतः कशाला नाचेल? त्यात हे असलं गाणं, ज्याच्यावर नाचायला धड ठेकाही नाही. त्यांनी दोन्ही हात वर केले, एक गुडघा वाकवला आणि गरागरा न फिरता, सावकाश, खड्डे चुकवत गाडी घ्यावी तसे ते अमिषाच्या दिशेने सरकत निघाले. मिनिडोरवाल्यांमधून एक शिट्टी आली. ती कौतुकाची नव्हती.

भाऊ तिथेच वळले. "काय शिट्टी मारतोस? गानं नापासच हाय! कोन नाय बोलतो? मी आज पन नापास बोलतो. पन पोरगी माजी हाय ना? तिची हळद हाय. उठा! सगली उठा! बसलाव काय मेल्यासारखे?"

पहिल्या उठल्या केसरकाकी. त्यांनी पदर खोचला आणि नवऱ्याच्या समोर येऊन असा काही ठेका धरला की गाणं त्यांच्या मागून धावत आलं. मग बायका आल्या. मग पोरांनी मोबाईल खिशात टाकले. ढोलवाल्याला कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने हळूच खालून ठेका भरला. शेवटी मिनिडोरवालेही आले, खुर्च्या पाडत, कारण तुळशीरामला नाचताना जवळून बघायची संधी पुन्हा कधी मिळणार? माझ्या हातात परात होती म्हणून मी तिच्यासकट नाचलो. वडे कमी का पडले याची चौकशी नंतर झाली, तिचा इथे संबंध नाही.

चादर धरणारे चारही जण चादर सोडून नाचायला लागले, तेव्हा ती फुलं अमिषाच्या डोक्यावर पडली. ती तशीच बापापाशी आली. आता ती खरोखर हसत होती, आणि डोळ्यांतलं पाणी हळदीत उतरत होतं.

"पप्पा, मग पास करा ना आता!"

"नाय." भाऊंना धाप लागली होती. त्यांनी खांद्याने कपाळाचा घाम पुसला. "मांडव तुज्यासाठी उठला. गान्यात काय हाय?"

"मग नाचताय कशाला अजून?"

 गाणं संपत आलं होतं, धनेशची बोटं शेवटच्या सुरावर थांबली होती, आणि मांडवातली माणसं पुढचं गाणं कुठलं म्हणून तिकडे बघत होती. भाऊंनी लेकीचा हळदीचा हात तसाच धरून ठेवला आणि दुसरा हात वर करून ओरडले,

"धनेश, परत लाव रे!"